दहापैकी दहा, पण कशाचे? ग्रेडेड कार्डांची लेबलं आणि डब्या सुधारायच्या कशा

ऑगस्ट 2025 मधे अमेरिकेत एका लिलावात मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट दोघांच्या सह्या असलेलं एकच बास्केटबॉल कार्ड 1 कोटी 29 लाख डॉलरच्या वर गेलं, म्हणजे आपल्या पैशात शंभर कोटीच्या पुढे. त्याआधीचा रेकॉर्ड ऑगस्ट 2022 चा, बेसबॉलवाल्या मिकी मँटलचं 1952 चं कार्ड, 1 कोटी 26 लाख डॉलर. अशी बातमी आली की आपल्याकडे सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, पुठ्ठ्याच्या तुकड्याला इतके पैसे देणारे लोक आहेत तरी कोण? मी त्या भानगडीत पडत नाही, हौसेला मोल नसतं. माझं लक्ष गेलं ते फोटोत कार्डाभोवती दिसणाऱ्या पारदर्शक डबीकडे आणि तिच्या डोक्यावरच्या लेबलकडे, कारण माझं पोट त्याच्यावरच चालतं. नागपुरात बसून मसाल्याची पाकिटं, संत्रा बर्फीचे बॉक्स, औषधाची लेबलं डिझाइन करतो मी. आणि भाचा पोकेमॉनच्या कार्डांमधे पुरता बुडालेला असल्यामुळे या डब्या घरी येऊन राहिल्या आहेत, त्यामुळे हातात घेऊन नीट बघता आल्या.

बघितल्यावर वाटलं की यावर लिहायलाच पाहिजे. इतक्या महागाच्या वस्तूचं लेबल इतकं अर्धवट मी तरी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

## आधी हे ग्रेडिंग काय असते ते

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रंप कार्ड आणि बबलगममधे निघणारे क्रिकेटचे कार्ड आठवत असतील. आपण ते रबर लावून खिशात कोंबायचो, म्हणून आज त्यांची किंमत शून्य. जे कार्ड कोपरे न घासता, पांढरे न पडता, सरळ राहिलं त्याला भाव. पण "एकदम नवीन आहे हो" हे विकणारा तर म्हणणारच, म्हणून मधे तिसरा माणूस लागतो. कार्ड त्याच्याकडे पाठवायचं, तो असली-नकली तपासतो, चार गोष्टी बघतो, म्हणजे छापाई मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग, मग 1 ते 10 मधे एक आकडा देतो आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून वर लेबल लावतो. या बंद डबीला स्लॅब म्हणतात (घराच्या स्लॅबशी काही संबंध नाही, मी पुढे डबीच म्हणणार आहे).

या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव पीएसए, 1991 पासूनचं. बेकेट 1999 मधे ग्रेडिंगमधे उतरलं, सीजीसी आधी कॉमिक्सवाले, ते 2020 मधे कार्डांकडे आले. एसजीसी पण आहे, मँटलचं ते कार्ड त्यांच्याच डबीत होतं, 9.5 ग्रेडचं.

इतवारीच्या सराफ्यात अंगठी घेताना आपण हॉलमार्क बघतो ना, तसाच हा प्रकार आहे. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी असल्याशिवाय दुकानदाराला तो विकता येत नाही, तो नंबर बीआयएस केअर ॲपमधे टाकला की दागिना कोणता, शुद्धता किती, तपासला कोणत्या केंद्राने, सगळं समोर येते. पण एक मोठा फरक आहे. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोनं, ते इतवारीतही तेवढंच आणि मुंबईतही तेवढंच. कार्डाचा 10 मात्र एका माणसाने काही मिनिटं भिंगातून बघून दिलेलं मत असते. म्हणजे इथे लेबलने जास्त सांगायला पाहिजे, आणि सांगते उलट कमी.

## एकच आकडा, अर्थ मात्र वेगवेगळे

पीएसएकडे सगळ्यात वरचा ग्रेड 10, त्याला ते "जेम मिंट" म्हणतात (मिंट म्हणजे एकदम कोरं, नव्यासारखं). बेकेटकडे "जेम मिंट" म्हणजे 9.5, त्यांचा 10 म्हणजे "प्रिस्टीन", आणि चारही गोष्टींना वेगवेगळे दहा मिळाले तर काळं लेबल, जे फारच क्वचित मिळते. सीजीसीकडे आता 10 दोन प्रकारचे आहेत, साधा जेम मिंट 10 आणि त्याच्याही वर सोनेरी लेबलचा प्रिस्टीन 10. त्यात 2023 च्या जुलैमधे सीजीसीने स्केलच बदललं. आधी त्यांच्या लेबलवर जेम मिंटसमोर 9.5 छापलेलं असायचं, आता जेम मिंटसमोर 10 असते आणि 9.5 ला वेगळं खालचं नाव दिलंय. म्हणजे समजा 2022 मधे एका पोराने कार्ड पाठवलं, त्याला 9.5 मिळाला, दुसऱ्याने त्याच दर्जाचं कार्ड 2024 मधे पाठवलं, त्याला 10. दोन डब्या टेबलवर शेजारी ठेवल्या तर ज्याला हा इतिहास माहीत नाही तो दुसऱ्याच डबीला जास्त पैसे देणार ना?

यावर उपाय इतका सोपा आहे की राग येते. लेबलवर महिना आणि वर्ष टाका. औषधाच्या पट्टीवर तारीख असते, ब्रेडच्या पाकिटावर असते, दहा रुपयाच्या चिप्सवर असते, आणि लाखाच्या कार्डाच्या लेबलवर ग्रेडिंग कधी झालं ते सहसा नसतेच.

## सात बाय दोन सेंटीमीटर

आता एक लेबल जवळून बघू. पोकेमॉनचं स्टँडर्ड कार्ड 63 बाय 88 मिलिमीटर, त्याची डबी साधारण सव्वापाच इंच उंच आणि सव्वातीन इंच रुंद, आणि लेबलला जागा मिळते ढोबळ सात सेंटीमीटर बाय दोन सेंटीमीटर. कार्डप्रेमींना तोंडपाठ असलेलं उदाहरण घ्या, चारिझार्ड नावाच्या पोकेमॉनचं 1999 चं पहिल्या आवृत्तीचं कार्ड. पीएसएच्या लेबलवर डावीकडे एकाखाली एक ओळी येतात, वर्ष आणि "पोकेमॉन गेम", मग "चारिझार्ड-होलो" (होलो म्हणजे चमकणारं), मग "फर्स्ट एडिशन". उजवीकडे कार्डाचा नंबर 4, त्याखाली ग्रेडचं नाव, मग आकडा, आणि तळाशी सर्टिफिकेट नंबर. सगळी कॅपिटल अक्षरं आणि सगळं जवळपास एकाच वजनाचं.

धरमपेठेत एका मित्राकडे रविवारी पोरं कार्ड घेऊन जमतात, तिथे ट्यूबलाइटखाली हे लेबल वाचायचा प्रयत्न केला. प्लास्टिकवर ट्यूबची पांढरी रेघ पडते ती नेमकी लेबलवर, त्यात हॉलोग्राम चमकते, डबी तिरपी केली तर आकडा दिसते पण नंबर जाते. एका पोराचे वडील चष्मा वर-खाली करून थकले, शेवटी म्हणाले, "बे, हे एमटी म्हणजे काय, एम्प्टी का?" पोरं लोळून हसली. पण त्यांचं काय चुकलं सांगा. जागा वाचवायला पीएसए "मिंट" ला दोन अक्षरांत छाटते, त्यामुळे 10 च्या आधी "जेम एमटी" येते, 8 ला "एनएम-एमटी" येते, म्हणजे निअर मिंट-मिंट. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळणारं लेबल काय कामाचं?

माझ्या धंद्यातला पहिला नियम असा की वाचणारा काय शोधून राहिला ते ठरवा आणि ते सगळ्यात मोठं करा. इथे वाचणाऱ्याला तीन गोष्टी पाहिजेत. हे कोणतं कार्ड आहे, याला हा ग्रेड का मिळाला, आणि ही डबी खरी आहे का. कंपन्यांची लेबलं पहिल्याचं उत्तर कोंबून-कोंबून देतात, दुसऱ्याचं बहुतेक देत नाहीत (बेकेट चार उपगुण, म्हणजे त्या चारही गोष्टींचे वेगवेगळे मार्क, छापते, ते कौतुकाचं), आणि तिसऱ्यासाठी हॉलोग्राम आणि क्यूआर लावून मोकळ्या होतात.

मी बनवलं तर असं बनवीन. कार्डाचं नाव मोठं, साध्या अक्षरात. सेट आणि वर्ष दुसऱ्या ओळीत, लहान. उजवीकडे आकडा, आणि त्याच्या खाली चार लहान आकडे, छापाई, कोपरे, कडा, पृष्ठभाग. एकदम तळाशी महिना-वर्ष आणि सर्टिफिकेट नंबर, तोही चार-चार आकड्यांचे गट पाडून, कारण आठ-नऊ आकडे सलग असले की फोनमधे टाइप करताना एक तरी चुकतेच. आणि ग्रेड फक्त रंगावर सोडायचा नाही, कारण लाल-हिरव्यात गोंधळ होणारे पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त असतात आणि या छंदात पुरुषच भरपूर आहेत. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जे जागतिक नियम आहेत त्यात लहान अक्षरं आणि मागचा रंग यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका फरक मागितलाय, तोच नियम इथे लावायला काय हरकत आहे? सोनेरी पट्टीवर पांढरी अक्षरं दिसायला भारी, वाचायला बेकार.

## "इतकं सगळं टाकलं तर लेबलची खिचडी होईल"

होईल, जर सगळं समोरूनच सांगायचा हट्ट धरला तर. डबीला मागची बाजू पण असते हे लोक विसरतात. मागच्या लेबलवर बारकोड, क्यूआर, कंपनीचा लोगो, हॉलोग्राम सगळं जाऊ द्या, समोर फक्त वाचायच्या गोष्टी ठेवा. टॅग नावाची एक कंपनी कॅमेऱ्याने तपासून हजारपैकी मार्क देते आणि क्यूआर स्कॅन केला की कार्डावर कुठे ओरखडा, कुठे कडा पांढरी, याचा रिपोर्ट उघडते. दिशा ती बरोबर आहे. पण क्यूआर म्हणजे कंपनीची वेबसाइट चालू असेपर्यंतच, उद्या कंपनी बंद पडली किंवा पत्ता बदलला तर लेबलवर नुसती काळ्या ठिपक्यांची नक्षी उरणार. म्हणून जे महत्त्वाचं आहे ते शाईत पाहिजे.

## नकली डबी

आता खरी डोकेदुखी. बनावट कार्डांचं तर आपल्या स्टेशनरीच्या दुकानात पन्नास रुपयाला चकचकीत सोनेरी पाकीट मिळते, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यापेक्षा बेरकी प्रकार म्हणजे बनावट डबी. कोणत्या तरी खऱ्या डबीचा सर्टिफिकेट नंबर नेटवरच्या फोटोतून उचलायचा, तसंच लेबल छापायचं, आत नकली किंवा हलकं कार्ड टाकायचं. तुम्ही नंबर वेबसाइटवर टाकला की "हो, असं कार्ड आहे" असंच उत्तर येणार, कारण नंबर खरा आहे! दुसरा प्रकार, खरी डबी हळूच उघडून आतलं कार्ड बदलायचं.

डबीचे दोन भाग गोंदाने चिकटवत नाहीत, अल्ट्रासॉनिक वेल्डिंग करतात. म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने, सेकंदाला साधारण 20 हजार वेळा कंप देऊन, दोन्ही कडा घर्षणाने वितळवून एक करतात. अशी कड पाचर घालून उघडली तर ताणलेलं प्लास्टिक पांढरट पडते. म्हणून डबी विकत घेताना फोनचा टॉर्च कडेला आडवा धरून चारही बाजू बघा, जोड एकसारखा पाहिजे, मधेच दुधाळ डाग, गोंदाचे थेंब किंवा पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत जागा दिसली तर हात जोडून परत द्या.

डिझाइनवाल्याने हेच जास्त सोपं करावं. कडेला मुद्दाम पातळ, ठिसूळ नक्षी ठेवली तर उघडायचा प्रयत्न केल्यावर ती आधी तुटणार आणि लपवता येणार नाही. लेबलची एक कड वेल्डमधेच अडकवली तर डबी उघडली की लेबल फाटणार. आणि नंबर टाकल्यावर वेबसाइटवर त्याच कार्डाचा मोठा स्पष्ट फोटो आला पाहिजे. दोन कार्डांची छापाई केसभर तरी इकडे-तिकडे असतेच, डावीकडची पट्टी किती, एखादा पांढरा ठिपका कुठे, हे जुळवलं की कळते. काही कंपन्या फोटो देतात, पण सगळ्या डब्यांचे नाही, आणि जुन्यांचे तर फारच कमी.

## "चिप टाकली की झालं ना?"

नाण्यांच्या ग्रेडिंगमधल्या पीसीजीएसने 2020 मधे डबीत एनएफसी चिप टाकायला सुरुवात केली, म्हणजे मेट्रो कार्डसारखा फोन टेकवला की माहिती येते. चांगलं आहे. पण चिप फक्त इतकंच सांगते की ही चिप खरी आहे. स्वस्त कार्डाच्या डबीतून चिप काढून महाग दिसणाऱ्या नकली डबीत घातली तर? चिप काढताना तुटेल अशी बसवावी लागते, आणि तरी शेवटी फोटोशी कार्ड जुळवावंच लागते.

आणि लेबल खरं, डबी खरी, कार्ड खरं, तरी आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. पीएसएने 1991 मधे सगळ्यात पहिलं जे कार्ड ग्रेड केलं ते होनस वॅगनरचं, बेसबॉलच्या दुनियेतलं सगळ्यात नावाजलेलं कार्ड, त्याला 8 मिळाला. त्याआधी ते बिल मॅस्ट्रो नावाच्या ज्या लिलाववाल्याच्या हातातून गेलं होतं त्याने पुढे 2013 मधे कबूल केलं की त्याने कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला आकडाच मिळायला नको असा नियम, आणि सर्टिफिकेट नंबर एक त्याच्यावरच. म्हणून मी म्हणतो कारण छापा. "कडा 8" असं वेगळं लिहिलेलं असलं तर निदान पुढचा माणूस भिंग घेऊन कडाच आधी बघेल.

## डबी आणि आपला उन्हाळा

30 मे 2024 ला नागपुरात एका ऑटोमॅटिक हवामान केंद्राने 56 डिग्री दाखवलं, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं सेन्सर खराब होता. ठीक आहे, पण 45-46 तर आपल्याकडे खोटं नाही, आणि मे 2013 मधे 47.9 पर्यंत गेलंच होतं. अमेरिकेत एसीच्या खोलीत बसून बनवलेली डबी इथे काय करते ते बघा.

बऱ्याच डब्या पॉलिस्टायरीनच्या असतात, काही ॲक्रेलिकच्या. पॉलिस्टायरीन स्वस्त, काचेसारखं स्वच्छ, पण ओरखडे लवकर पडतात आणि ऊन लागलं की पिवळं पडते. नरम पडायला त्याला शंभरच्या आसपास डिग्री लागतात, म्हणजे घरात वितळणार नाही, पण दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर वाकायची भीती नक्की. ऊन प्लास्टिकपेक्षा कार्डाला जास्त मारते. लाल आणि पिवळी शाई आधी उडते, आणि खिडकीची साधी काच अल्ट्राव्हायोलेटचा मोठा भाग आत येऊच देते, म्हणून "ऊन थेट नाही पडत हो" हे चालत नाही. प्लास्टिकमधेच अल्ट्राव्हायोलेट अडवणारं रसायन मिसळता येते. ते मिसळलंय का आणि किती, हे लेबलच्या मागे एका ओळीत लिहायला काय जाते?

त्यापेक्षा वाईट आपला कूलर. चमकणाऱ्या कार्डांमधे, ज्यांना फॉइल किंवा होलो म्हणतात, एका बाजूला धातूसारखी पातळ फिल्म असते आणि बाकी कागद. कागद हवेतला ओलावा पितो, फुगतो, फिल्म फुगत नाही, मग कार्ड धनुष्यासारखं वाकते. हवा कोरडी झाली की उलट्या बाजूने. नागपुरात मे महिन्यात बाहेर हवा खडखडीत कोरडी, घरात कूलर लावला की तीच हवा दमट, रात्री बंद केला की परत कोरडी, आणि जूनमधे पाऊस लागला की चार महिने ओल. ज्या भिंतीवर कूलरचा झोत येते त्याच भिंतीवर शोकेस, हे मी दोन-तीन घरी बघितलंय. तिथल्या होलो कार्डांच्या मधोमध प्लास्टिकला टेकल्यामुळे गोल डाग दिसतो, ओल्या काचेवर कागद चिकटल्यासारखा.

## "मग डबी हवाबंदच करा ना"

सोपं वाटते. पण पूर्ण कडेने एकही फट न ठेवता वेल्ड करणं अवघड आहे, पॉलिस्टायरीनमधून ओलावा हळूहळू जातोच, आणि डबी बंद करताना आत जी हवा होती ती कायमची आतच. 20 डिग्रीला बंद केलेली हवा 60 ला नेली तर दाब तेरा-चौदा टक्के वाढते, तो त्या जोडावरच येणार. माझ्या मते हवाबंदच्या मागे न लागता आतली बैठक सुधारावी. कार्ड चारही कडांनी मऊ चौकटीत बसलं पाहिजे आणि समोरच्या प्लास्टिकला त्याचा पृष्ठभाग टेकायला नको, एक-दीड मिलिमीटर जागा असली की थोडं वाकलं तरी घासणार नाही. चौकट कार्डाच्या जाडीप्रमाणे वेगळी लागते, कारण पोकेमॉनचं कार्ड साधारण 0.3 मिलिमीटर आणि जर्सीचा कापड-तुकडा घातलेली खेळाडूंची कार्डं तीन मिलिमीटरच्याही वर जातात. मापं ढिली असली की डबी हलवल्यावर कार्ड आत खडखड वाजते, आणि दर वेळी कोपरा मार खाते. 10 चा आकडा वर तसाच, आत कोपरा 9 चा झालेला.

बाहेरून डबीच्या चारही कडा पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवल्या तर टेबलवर पालथी ठेवली तरी मधला भाग घासणार नाही. हे काही कंपन्या करतात. पण प्रत्येकीचं माप वेगळं, त्यामुळे एकीच्या डब्यांसाठी घेतलेल्या पेटीत दुसरीच्या जात नाहीत. मोबाइलच्या चार्जरसाठी भांडून एकच पिन झाली, इथे अजून तो दिवस यायचाय.

## "कंपन्यांना कशाला पडलंय?"

हा आक्षेप खरा आहे. चार उपगुण छापले की ग्राहक भांडणार, "कडांना 9 का दिला?" म्हणून फोन येणार. तारीख छापली की जुन्या डब्यांवर लोक संशय घेणार. आणि लेबल जेवढं गूढ तेवढं ग्रेडरचं वजन. त्यात मोठ्या कंपन्याच एकमेकींना गिळून राहिल्या, पीएसएच्या मालकांनी 2024 मधे एसजीसी पण घेतलं, म्हणजे स्पर्धेतून सुधारणा येण्याची आशा अजून थोडी कमी. पण जाणकार खरेदीदार तारीख मागायला लागले, कारण विचारायला लागले, तर विकणारा ज्या कंपनीची डबी लवकर विकते तिच्याकडेच पाठवणार. भाच्याच्या ग्रुपमधे हे सुरू झालंय, कोणी डबी दाखवली की दुसरा आधी कड बघतो, मग नंबर टाकून फोटो जुळवतो, आणि मगच "मामा, याला किती द्यायचे?" असं माझ्याकडे बघतो, जसा मी पैसे देणार आहे.

इथून कार्ड पाठवायचं असेल तर बहुतेक पोरं ग्रुप करून मध्यस्थामार्फत पाठवतात. पाठवण्याआधी प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो तारखेसकट ठेवा, डबी परत आली की आपल्या हाताने एक चिठ्ठी लिहा, कधी पाठवलं, कधी आलं, कोणत्या स्केलवर, आणि डबीच्या प्लास्टिक कव्हरमधे मागे सरकवा. डबी आडवी रचून ठेवू नका, उभी ठेवा, खिडकीपासून आणि कूलरच्या झोतापासून दूर. कपाटाचा मधला खण बरा. गच्चीखालचा माळा मे महिन्यात अजिबात नको.